गव्हाचे पाच दाणे : सिलिॲक विकार आणि बाहेरचे भोजन

एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आढळले, तर त्या ज्वारीस आमच्या पेठेत कोणी नाव ठेवणार नाही. नमुना तळहातावर घेऊन फुंकर मारणारा अडत्या ते पाच दाणे पाहील आणि भाव सांगून मोकळा होईल. शेकडा एखादा टक्का परधान्य तर व्यवहारात कोणी फारसे मनावर घेत नाही. आणि एक टक्का म्हणजे किलोमागे दहा ग्रॅम, गव्हाचे सुमारे अडीचशे दाणे. गहू, ज्वारी, मका आणि हरभरा यांच्या थप्प्यांत चाळीस वर्षांहून अधिक काळ घालविल्यावर, साठी उलटून गेल्यानंतर, आम्हांस गव्हाचा एकेक दाणा मोजण्याची पाळी आली. ती कशी आली आणि तीतून आम्ही काय शिकलो, हे सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; वैद्यकीचा अधिकार आमचा नाही. जे डॉक्टरांकडून समजून घेतले आणि जे हॉटेलांच्या स्वयंपाकघरांच्या दारांत उभे राहून स्वतः पाहिले, तेवढेच येथे सांगतो.

आमची नात आज बारा वर्षांची आहे. सातव्या वर्षापर्यंत तिची उंची खुंटलेली, पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे आणि चेहरा पांढुरका असे. पोर अंग धरीत नाही म्हणून घरातील बायका तिला तुपात भिजविलेला बाफला कुस्करून भरवीत. म्हणजे आजाराला खुराक आम्हीच देत होतो. लोहाची औषधे झाली, जंतांची झाली, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, दृष्टही काढून झाली. अखेर इंदूरच्या एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची एक विशिष्ट तपासणी करविली, नंतर दुर्बिणीच्या साहाय्याने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाचे बारीक तुकडे काढून तपासविले आणि निदान सांगितले : सिलिॲक. गहू, जव आणि राय ही तीन धान्ये आयुष्यभर बंद. मग त्यांनी सहज विचारले, “आपला व्यवसाय काय?” आम्ही सांगितला. ते क्षणभर काहीच बोलले नाहीत.

लोक या विकारास ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतात. बोलण्यात ते चालून जाते, परंतु वस्तुतः ते बरोबर नाही. कणीक मळल्यावर तिला जी ओढ आणि लवचिकता येते, पोळी पदर धरते, पाव जाळीदार होतो, ती सारी ग्लुटेन नावाच्या प्रथिनांची करामत होय. ही प्रथिने गव्हात असतात आणि त्यांचे सगेसोयरे जवात व राय या धान्यात असतात. आपल्या लहान आतड्यास आतून मखमलीसारखी लव असते आणि अन्नरस शोषून घेण्याचे काम ती लव करते. ज्यांस हा विकार आहे, त्यांच्या शरीरातील संरक्षणव्यवस्था ग्लुटेनला शत्रू समजून उठते आणि त्या झटापटीत स्वतःच्याच आतड्याची लव नष्ट करते. मखमल झिजून मांजरपाट उरावा, तशी आतड्याची अवस्था होते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ थांबते. कोणास जुलाब होतात, तर कोणास पोटाची काहीही तक्रार नसते. वर्षानुवर्षे नुसता पंडुरोग असतो आणि मूळ कारण कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रवृत्ती वंशपरंपरेने येते. म्हणून एकास निदान झाले की आईबाप आणि भावंडे यांचीही तपासणी करवावी, असे डॉक्टर सांगतात. यावर औषध नाही. ग्लुटेन पूर्ण वर्ज्य करणे हाच उपचार. तो नीट पाळला म्हणजे लव पुन्हा उगवते, मुलांत लवकर, मोठ्यांत सावकाश.

हा विकार युरोपातील लोकांचा, आपला नव्हे, असा समज पूर्वी होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी दिल्ली परिसरात केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत शहाण्णव माणसांत एक असे प्रमाण निघाले. पुढे २०१६ सालच्या एका पाहणीत उत्तर भारतात शेकडा सुमारे सव्वा, तर भात खाणाऱ्या दक्षिणेत हजारात एक असे आढळले. आपला माळवा गहू खाणारा. दिल्लीचेच प्रमाण येथे धरले, तर आपल्या वार्षिक स्नेहभोजनास हजार पाने उठत असता त्यांत दहा जण असे असावयाचे. आणि त्यांतील बहुतेकांस स्वतःलाच ते ठाऊक नसावयाचे.

या विकाराचे मूळ गव्हात आहे, हे एका धान्यटंचाईने सिद्ध केले. आमच्यासारख्या व्यापाऱ्यास ती हकीकत विशेष वाटते. हॉलंडमधील हेग शहरी विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. या रोगाच्या मुलांना गहू बाधतो, असा त्यांस महायुद्धापूर्वीच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या वेढ्यामुळे त्या देशात पाव मिळेनासा झाला. लोक ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागले. सारा देश उपाशी, आणि ही आजारी मुले मात्र सुधारली! पुढे पाव पुन्हा आला आणि मुले पुन्हा आजारी पडली. डिके यांनी हे सारे नीट तपासून १९५० साली उट्रेख्ट येथे आपल्या प्रबंधात मांडले.

आता दाण्यांचा हिशेब. गव्हाचा एक दाणा साधारणतः चाळीस मिलिग्रॅम वजनाचा. त्यात ग्लुटेन अदमासे दहावा हिस्सा, म्हणजे चार मिलिग्रॅम. आपल्या देशातील अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम असा, की ज्या पदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापावयाचे, त्यात किलोमागे वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये. जगातील बहुतेक देशांत हीच मर्यादा आहे. वीस भागिले चार : पाच दाणे. लेखाच्या आरंभीचे पाच दाणे ते हेच. इटलीतील डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्याने आतड्याची हानी झालेली दिसली. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे बारा-तेरा दाणे, किंवा एका पोळीचा सुमारे साठावा भाग. ‘थोडेसे चालते’ असे जेव्हा हॉटेलवाला सांगतो, तेव्हा त्याच्या मनातील ‘थोडेसे’ आणि हे ‘थोडेसे’ यांत किती अंतर आहे, हे वाचकांनीच पाहावे.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती सांगून आमचे नुकसानच आहे. अलीकडे कित्येक गिऱ्हाईक येऊन विचारतात, “सेठजी, ॲलर्जी न होणारा जुना गहू आहे का? खपली आहे का?” शरबती, लोकवन, कठिया, बन्सी, खपली, कोणताही घ्या, गहू तो गहूच, आणि प्रत्येकात ग्लुटेन आहे. निरोगी माणसाने खपली आवडीने खावी. सिलिॲकच्या रुग्णास ती तितकीच विषवत् आहे. होकार दिला असता तर चढा भाव सहज मिळाला असता. उलटपक्षी, डॉक्टरांनी न सांगता आपल्या मनाने गहू सोडणेही बरे नव्हे. कारण गहू सोडल्यावर रक्ताची तपासणी फसवी येते आणि खरा रोग असला तर तो लपून बसतो. गहू विकणारा मनुष्य गहू सोडू नका म्हणतो, असे कोणी हसून म्हणेल. म्हणो बापडे, आधी तपासणी, मग पथ्य, हे डॉक्टरांचेच सांगणे आहे.

घरातील पथ्य एका वर्षात बसले. चक्कीवाला गव्हानंतर त्याच जात्यात ज्वारी दळतो, म्हणून घरी लहान चक्की आणली; ज्वारी निवडण्यास आम्ही स्वतः बसू लागलो. परंतु मनुष्य घरातच जेवतो असे थोडेच आहे? लग्ने आहेत, स्वामीवात्सल्य आहे, शाळेतील मुलींचे वाढदिवस आहेत, आणि महूहून इंदूर तेवीस-चोवीस किलोमीटर. रविवारी मुले सराफ्यास नाही तर छप्पन दुकानास जाऊ म्हणतात. इंदूरच्या माणसास खाण्याविना शहर दाखविता येत नाही. पोरीस घरी ठेवून आपण जावे, हेही होईना. आणि नेले तर भय.

आमचा पहिला धडा फार महागात पडला. नातलगांच्या एका लग्नात एका मोठ्या हॉटेलात जेवण होते. आम्ही व्यवस्थापकास आधी भेटलो, विकार सांगितला. ते म्हणाले, “सेठजी, हमारे यहाँ सब जैन है, सब शुद्ध है, चिंता मत कीजिए.” तिच्यासाठी मक्याची रोटी आली. रात्री दोन वाजता पोरीस वांत्या सुरू झाल्या. पुढे चार दिवस अंथरुणात. दुसऱ्या दिवशी जाऊन आचाऱ्यास विचारले, तेव्हा त्याने निर्व्याजपणे सांगितले : नुसत्या मक्याची रोटी लाटताना चिरते, म्हणून पिठात मूठभर आटा घालतो आणि लाटतानाही आट्याचीच पिठी लावतो. त्याने काही लपविले नव्हते. त्यास कोणी विचारलेच नव्हते. त्या दिवसापासून आम्ही व्यवस्थापकाशी गोड बोलतो आणि प्रश्न मात्र महाराजांस विचारतो.

‘जैन’ या शब्दावर आम्ही विसंबलो, ही आमची चूक. तीच चूक आपल्यापैकी अनेकांकडून होईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हॉटेलात चौकशी करण्याची आपल्या समाजास पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. कांदा-लसूण आहे का, बटाटा आहे का, कढई वेगळी आहे का, हे आपण न लाजता विचारतो, आणि इंदूरचे हॉटेलवालेही न चिडता सांगतात. ही सवय या विकारात मोठी कामास येते. इतरांस जे धैर्य नव्याने मिळवावे लागते, ते आपणांस घरातूनच मिळालेले असते. परंतु भोजनपत्रावरील ‘जैन’ हा शब्द कांदा, लसूण आणि कंदमुळे यांविषयी बोलतो. गव्हाविषयी तो काहीही बोलत नाही. उलट तो एक संकट वाढवितो, आणि त्याचे नाव हिंग.

शुद्ध हिंग म्हणजे एका झाडाचा वाळलेला चीक. तो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान या देशांतून येतो. इतका उग्र आणि चिवट असतो, की तसाच वापरणे कठीण. म्हणून हाथरससारख्या ठिकाणी त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो बांधतात. हे पीठ कित्येकदा मैदा किंवा गव्हाचे असते, काही ठिकाणी तांदळाचे. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते; आम्ही आयुष्यभर हिंग खाल्ला, पण डबी वाचली नव्हती. एका भाजीतील चिमूटभर हिंग पाच माणसांत वाटला जातो, त्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. हिशेब खरा आहे. परंतु कांदा-लसूण वर्ज्य असल्यामुळे आपल्या फोडणीचा सारा भार हिंगावर. वरणात हिंग, भाजीत हिंग, कढीत, शेवेत, पापडात, लोणच्यात, मसाल्याच्या ताकात हिंग. चिमटीचिमटीने त्याचा तोळा होतो. नातीच्या रक्तातील आकडा पथ्य पाळूनही सहा महिने खाली येईना; तांदळाच्या पिठाचा हिंग आणल्यावर आला. हिंगामुळेच आला, असे मात्र आम्ही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, कारण घरची चक्कीही त्याच सुमारास आली होती. तरी हॉटेलात तिचे वरण सांगताना आम्ही आता ‘हिंग न घालता, स्वच्छ पळीत तुपाजिऱ्याची फोडणी’ असेच सांगतो.

आपल्या इंदूर-महूच्या खाण्याकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे गंमत वाटते. पोहे तांदळाचे, वाफेवर ठेवलेले. त्यांत भिण्यासारखे काही नाही. पण दुकानदार वर शेव भुरभुरतो आणि जिरावण शिंपडतो. जिरावणात बहुधा हिंग असतो. आणि शेव बेसनाची खरी, पण ती ज्या कढईत तळली तीत आधी कचोरी तळली असेल तर ती गव्हाचीच झाली असे समजावे. तळण्याच्या उष्णतेने ग्लुटेन मरत नाही. ते जंतू नव्हे. मैद्याचे कण तेलात उतरतात आणि पुढच्या घाण्यास चिकटतात. शेव-जिरावणाविना कोरे पोहे मागितले की दुकानदार आपल्याकडे दयेने पाहतो, पाहू द्यावे. त्याचा चमचा मात्र वेगळा आहे ना, हे पाहावे, कारण शेजारीच जिलेबीचे ताट असते. भुट्ट्याचा कीस हा मक्याचा आणि दुधाचा पदार्थ. हिंगाचा प्रश्न सुटला की आमच्या नातीचा तो सर्वांत लाडका. साबुदाण्याची खिचडी गव्हाविना असते, पण इंदुरात तीत बटाटा आणि वरून तळलेला फराळी चिवडा पडतो. इतर समाजाच्या ‘उपवासाच्या’ पदार्थांत राजगिरा, शिंगाडा, भगर अशी निर्धोक पिठे असतात, हे खरे आहे, आणि नवरात्रात ही पिठे पुष्कळ मिळतात. परंतु त्यांत बटाटा व रताळे यांची रेलचेल. आपला उपवास म्हणजे नुसते पाणी, त्यात कोणताच प्रश्न नाही! एकंदरीत जैन मुलीस एका बाजूने कंदमुळे आणि दुसऱ्या बाजूने गहू वर्ज्य. मधल्या चिंचोळ्या वाटेने तिला चालावे लागते.

दाल-बाफल्याच्या पंगतीत गहू सोडून वरण-भात खाईन म्हणणेही सुरक्षित नाही. वाढपी त्याच हाताने बाफला कुस्करतो आणि तोच हात वरणाच्या पळीस लावतो. तुपाच्या ज्या पातेल्यात बाफले बुडविले, तेच तूप भातावर पडते. दाक्षिणात्य हॉटेल या मानाने बरे. इडली तांदूळ आणि उडीद यांची. पण रव्याची इडलीही असते, म्हणून विचारून घ्यावे. डोशाच्या पिठात कुरकुरीतपणासाठी काही ठिकाणी रवा किंवा मैदा घालतात, आणि रवा डोसा त्याच तव्यावर होतो. सांबारात हिंग आलाच. पंजाबी भाज्यांचा रस्सा दाट करण्यास मैदा लावलेला असू शकतो. चिनी म्हणून जे मिळते, ते तर सोडूनच द्यावे. मंचुरियन मैद्यात बांधलेले, आणि त्यातील काळा सोयासॉससुद्धा बहुधा गहू घालूनच आंबविलेला. आंबविल्याने सॉस सुरक्षित होतो, असे मानू नये. मिठायांत पेढा, काजूकतली, रबडी यांत मुळात गहू नाही. गुलाबजाम, मावाबाटी आणि सोनपापडी यांत मैदा येतो. कुल्फी घ्यावी, कोनातील आइस्क्रीम घेऊ नये. आणि लहान मुलांच्या बाबतीत दुधात घालण्याच्या शक्तिवर्धक भुकट्या लक्षात ठेवाव्या : ‘माल्ट’ म्हणजे बहुधा मोड आणलेला जव, आणि जवही या विकारात वर्ज्यच. उन्हाळ्यातील सातूचेही तेच.

म्हणून पदार्थाचे नाव ऐकून निर्णय करू नये. धान्य कोणत्या वाटेने आले आणि कोणत्या भांड्यातून गेले, ते विचारावे. पेठेत आम्ही मालाच्या नावावर सौदा करीत नाही, पोते फोडून नमुना पाहतो. हॉटेलातही तेच करावे. आम्ही आता असे करतो : आदल्या दिवशी दूरध्वनी करून महाराज कोणत्या वेळी मोकळे असतात ते विचारतो. मग सूर्यास्तापूर्वी, साडेपाचच्या सुमारास जातो. चोविहारामुळे ही वेळ आपल्यास सोयीची असतेच. परंतु तिचा दुसरा लाभ आमच्या पूर्वी लक्षात आला नव्हता. त्या वेळी स्वयंपाकघरात गर्दी नसते, ओटे नुकतेच पुसलेले असतात, कढईत संध्याकाळचे ताजे तेल पडलेले असते आणि महाराजांस दोन शब्द ऐकण्यास सवड असते. रात्री नऊच्या गर्दीत कितीही सज्जन आचारी असला तरी त्यास पळी बदलण्याचे भान राहत नाही.

नातीजवळ एक जाड कागदाची चिठ्ठी असते. तीवर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, की या मुलीस गहू, आटा, मैदा, रवा, दलिया, शेवया, जव आणि बांधलेला हिंग कणभरही चालत नाही; खाल्ल्यास ती आजारी पडते; कृपया धुतलेली कढई, धुतलेली पळी आणि ताजे तेल वापरावे. ‘आजारी पडते’ हे शब्द आम्ही मागाहून घातले. त्यापूर्वी चिठ्ठी वाचून आचारी समजत, की हे काही व्रत असावे. आणि व्रतात थोडे इकडेतिकडे झाले तर देव समजून घेतो, अशी त्यांची समजूत. आजार म्हटल्यावर ते जपतात. चिठ्ठी देऊन आम्ही थांबत नाही. त्यांनी ती वाचल्यावर ‘मग तुम्ही काय काय देऊ शकाल?’ असे त्यांनाच विचारतो. उत्तर देताना जो विचार करतो, त्या महाराजांवर विश्वास ठेवावा. जो तत्काळ ‘सब चलेगा’ म्हणतो, त्याच्याकडे ताक पिऊन परतावे, तेही बिनमसाल्याचे.

डब्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या बरोबर असाव्या. कारण सांगितले, तर बाहेरचे अन्न आणू नये अशी पाटी लावणारेही आडकाठी करीत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. भाकरी घरची, आणि साधा भात, वरण, दही, काकडी व ताज्या तेलात केलेली एखादी भाजी हॉटेलची, एवढ्यावर चांगले जेवण होते. मुख्य म्हणजे पोर सर्वांबरोबर बसते.

कायद्याकडून हॉटेलांच्या बाबतीत फार अपेक्षा करू नये. बंद पाकिटावर ग्लुटेनयुक्त धान्याची नोंद छापणे बंधनकारक आहे. ती वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी. २०२० सालच्या नियमांनी भोजनपत्रासंबंधी अशा सूचनांचे बंधन घातले, ते केंद्रीय परवान्याच्या किंवा दहा व अधिक ठिकाणी शाखा असलेल्या भोजनगृहांवर. आपल्या महूतील एकट्या दुकानांपर्यंत ते पोहोचत नाही. विमानाने जाणाऱ्यांस आणखी एक अडचण : तिकिटावर ‘जैन ताट’ आणि ‘ग्लुटेनमुक्त ताट’ हे दोन वेगळे प्रकार असतात, साधारणतः एकच निवडता येतो, आणि ग्लुटेनमुक्त ताट शाकाहारी असेलच असे नाही. आम्ही डबा नेतो. इटली हा तर गव्हाच्या शेवयांवर जगणारा देश. परंतु तेथे सिलिॲक रुग्णांची संघटना १९७९ पासून काम करते, हॉटेलवाल्यांस शिकविते आणि शिकलेल्यांची यादी ठेवते. आणि २००५ सालच्या कायद्याने शाळा, रुग्णालये आणि सरकारी संस्था यांच्या भोजनगृहांत मागणाऱ्यास ग्लुटेनमुक्त जेवण द्यावे लागते. यादीची कल्पना आपल्या संघास परवडण्यासारखी आहे. इंदूर-महूच्या ज्या हॉटेलांचे महाराज नीट ऐकून घेतात, त्यांची नावे सभासदांनी एकमेकांस सांगितली तरी पुष्कळ झाले.

सांगण्यात अडचण आहे ती निराळीच, आणि तिच्याविषयी लिहावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. आपल्या समाजात मुलीचा हा विकार लपवितात. सोयरीक होणार नाही, हे भय. आमच्या ओळखीच्या एका घरी लग्न ठरेपर्यंत कोणास सांगितले नाही आणि लग्नानंतर सांगण्याचे धैर्य झाले नाही. ती मुलगी सासरी सर्वांच्या पंगतीत बसून पोळी खात राहिली आणि दीड वर्षात अंथरुणाला खिळली. पथ्य पाळणारी मुलगी इतर कोणत्याही मुलीइतकीच धडधाकट असते. संसार, मुलेबाळे, व्यापार, सर्व तिला करता येते. पथ्य लपवून मात्र पाळता येत नाही. आमच्या घरातही प्रथम हेच म्हणणे होते. नातीची आजी म्हणाली, “सगळ्यांना सांगत सुटू नका.” पुढे मक्याच्या रोटीची ती रात्र झाली, तेव्हापासून तीच सर्वांस सांगते, आणि आमच्यापेक्षा मोठ्याने.

गेल्या वर्षीच्या संघाच्या स्नेहभोजनात आम्ही आग्रह धरून एक लहानशी व्यवस्था करविली. बाफल्यांची भट्टी पेटण्यापूर्वी, धर्मशाळेच्या वरच्या खोलीत वेगळी शेगडी, नवी कढई, नवी पातेली. भात, मुगाचे वरण, दुधीची भाजी, ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेवटी बेसनाचा मोहनथाळ. महाराज खाली कणकेच्या हातांनी काम करणार म्हणून त्यांच्या पत्नीने वरचा स्वयंपाक केला. तीन नावे आली होती, तीन पाने मांडली. बसले सहा जण. ज्या तिघांनी नावे दिली नव्हती, त्यांत आमच्याच गल्लीतील एक सद्‌गृहस्थ होते. शेजारी राहून आम्हांस ठाऊक नव्हते. मोहनथाळ अपुरा पडला.

यंदा किती पानांची सोय करावी, हे ठरविण्यासाठी नावे संघाच्या कार्यालयात लेखी द्यावीत. ज्यांस नाव प्रकट करावयाचे नसेल, त्यांनी आमच्या दुकानी येऊन सांगावे. दुकान सकाळी नऊपासून उघडे असते. दुपारी एक ते तीन गर्दी नसते.